संताचा झगा आणि दोन कुलपं

थोरला पुढच्या दाराने आत आला आणि धाकटा मागच्या दाराने सटकायला उठला. पण आई पोरांना ओळखून होती. मागच्या दाराला तिने आधीच कुलूप ठोकलं होतं. थोरला आत येताच पुढच्यालाही ठोकलं, दोन्ही किल्ल्या कमरेला खोचल्या आणि खुर्चीत ठाण मांडून बसली.

"आई, तू तर अंथरुणाला खिळली होतीस ना?" थोरल्याने विचारलं.

"होते. तुमची तोंडं एकदम दिसली, बरी झाले. बसा."

थोरला पाद्री. अख्खं गाव त्याला फादर म्हणायचं, एक आई सोडून. धाकटा शास्त्रज्ञ, जुन्यापान्या वस्तूंचं वय काढणारा. थोरल्याच्या चर्चमध्ये काचेच्या पेटीत एका संताच्या झग्याचा तुकडा होता. लोक लांबलांबून येऊन त्यापुढे मेणबत्त्या लावायचे. धाकट्याने त्यातला धागा तपासला आणि जाहीर करून टाकलं, की हे कापड संत गेल्यावर कैक शतकांनी विणलेलं आहे. थोरल्याने पेपरात उत्तर दिलं, की काचेची पेटी यायच्या आधी मेणबत्त्यांची काजळी पिढ्यान्‌पिढ्या कापडात मुरली, म्हणून जुनं कापड तपासणीत नवं दिसतं. मग लेखाला लेख, भाषणाला भाषण. सख्खे भाऊ एकमेकांना 'सदर गृहस्थ' म्हणू लागले. एक घरी जेवायला आला की दुसरा फिरकायचा नाही. आई दोनदा रांधायची आणि दोन्ही वेळा रिकाम्या खुर्चीकडे बघत गिळायची.

"आज सोक्षमोक्ष," ती म्हणाली. "तो झगा संताचा असो, नाहीतर संताच्या धोब्याचा. तुमच्यातला एक जण 'मी चुकलो' म्हणेल, तेव्हाच कुलूप निघेल."

दोघंही जमिनीकडे बघत राहिले. लहानपणी बरणी फुटली की असेच बसायचे.

"मी चुकलो," थोरला म्हणाला.

आईचा हात किल्लीकडे गेला.

"नाही, मी चुकलो," धाकटा म्हणाला.

हात तिथेच थांबला.

थोरल्याने धाकट्याला खोडून काढायचं म्हणून त्याचा शब्दन्‌शब्द वाचला होता. धागा तपासण्याआधी काजळी कशी धुऊन काढतात, ते वाचता वाचता त्याचीच खात्री पटली. झगा संताचा नाही. येत्या रविवारी तो हे भरल्या चर्चमध्ये सांगणार होता.

धाकट्याने थोरल्याला खोटं पाडायचं म्हणून प्रयोगशाळेत जुन्या कापडापुढे मेणबत्त्या जाळल्या होत्या. काजळी अशी मुरली, की काही केल्या निघेना. आपली तपासणी कच्ची होती, झगा खरा असू शकतो, असं तो लिहून मोकळा होणार होता.

"बघा! दोघंही चुकलात. मिटलं एकदाचं!" आई हरखून स्वयंपाकघरात गेली आणि जेवण गरम करायला ठेवलं.

भांडं तापायच्या आत बाहेर आवाज चढला.

"खरा कसला डोंबलाचा! वीण बघ की! असा माग त्या काळी नव्हताच, तूच लिहिलंयस!" थोरला टेबलावर हात आपटत होता.

"तो तुकडा ठिगळाचा असेल! तुझ्याच भाषणात आहे, ठिगळ मागाहून लावलं म्हणून!"

"ते भाषण म्हणजे माझा गाढवपणा होता!"

"मुळीच नव्हता, दादा!"

दादा. आई पळी हातात धरून दारात उभी राहिली. तिचं एक वाक्य या पोरांनी कधी धड ऐकलं नव्हतं, आणि एकमेकांचं अक्षरन्‌अक्षर तोंडपाठ होतं.

तिने तीन ताटं मांडली. मग कमरेच्या किल्ल्या काढल्या, पुढचं दार उघडलं, मागचं उघडलं, आणि दोन्ही सताड सोडून दिली.

कोणी ढुंकूनही बघितलं नाही.

"आई, वाढ ना," थोरला खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "आम्हाला वेळ लागणार आहे."