कबरीपाशी गायलेली चाल

तुताऱ्या आणि नगारे थांबले आणि रेगिनाचा जीव भांड्यात पडला. नवऱ्याने चर्चसाठी रचलेल्या कांटाटा या गायनरचनेची सुरुवात तरी निर्विघ्न पार पडली होती. उपासाच्या सगळ्या आठवड्यांत चर्चमध्ये एक वाद्य वाजलं नव्हतं. त्यामुळे आज, ईस्टरच्या सकाळी, प्रभू येशू कबरीतून उठल्याची बातमी गावाच्या कानांवर अक्षरशः आदळली. मागच्या बाकावरची एक म्हातारी तर दचकून जागी झाली. गायक-वादकांचा सज्जा होता पाठीमागे, आणि वळून पाहणं चर्चच्या संगीतप्रमुखाच्या, कांटोरच्या, बायकोला शोभलं नसतं. म्हणून रेगिना बायकांच्या बाकांवर ताठ बसून नुसते कान देऊन होती. लग्न होऊन अजून वर्षही झालं नव्हतं आणि नवऱ्याचं, एरेनफ्रीडचं, कौतुक काही सरलं नव्हतं.

मग सनईसारख्या ओबोने एकट्यानेच एक संथ चाल धरली, आणि रेगिनाच्या पायांखालची जमीन सरकली.

ही चाल तिची होती. साखरपुड्याच्या संध्याकाळी तिच्या वडिलांच्या घरी एरेनफ्रीडने ती वाजवली होती. "ही फक्त तुझी," म्हणाला होता, "दुसऱ्या कुणाच्या कानावर जायची नाही." तिने ती सख्ख्या बहिणीपुढेही कधी गुणगुणली नव्हती. आणि आता शाळेतला एक मुलगा येशूची भक्तीण मग्दालेना होऊन, त्याच्या रिकाम्या कबरीपाशी रडत, तीच चाल भर गावापुढे गात होता. महापौर ऐकत होता, चांभार ऐकत होता, गिरणीवाला डोळे मिटून डोलत होता. आपले आतले कपडे कुणी चौकात दोरीवर वाळत घालावेत, तशी ती शरमेने लाल झाली. घरी येऊ देत, मग बघते, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं.

शेजारी पाववाल्याची बायको उर्सेल नाक पुसत होती. ती रेगिनाच्या कानाशी वाकली.

"माय गं! सबीनाचं गाणं."

"कुणाचं?"

"अहो, कांटोरांच्या पहिलीचं. तुमच्या आधीच्या. शेवटच्या दुखण्यात रोज वाजवायचे तिच्या उशाशी. आमची भिंतीला भिंत, सगळं ऐकू यायचं." उर्सेलने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "अगं बाई! कांटोरीणबाई, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

रेगिनाच्या कानांना दडे बसले. ज्या मालाच्या चोरीबद्दल ती नवऱ्याला जाब विचारणार होती, तो माल मुळात तिचा नव्हताच. पुढे गाणं कधी संपलं, पाद्रीबुवा काय बोलले, तिला काही कळलं नाही. शेवटचं भजन सगळा गाव उभा राहून गायला, तेव्हा तिचे नुसते ओठ हलत होते.

लोक पांगल्यावर एरेनफ्रीड सज्ज्याचा जिना उतरून आला. केसांच्या टोपाखालून घाम गळत होता, तोंडावर आनंद मावत नव्हता.

"पाद्रीबुवांच्या डोळ्यांत पाणी आलं! पाहिलंस?"

"उर्सेलच्याही आलं," रेगिना म्हणाली. "सबीनासाठी."

त्याचा चेहरा पडला. तो खोटं बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो हातातले कागद चाळत राहिला.

"अहो, काहीतरी बोला! मेलेल्या बायकोचा झगा नव्या नवरीला घातलात, आणि आज तोच देवाच्या अंगावर चढवलात. लाज कशी वाटली नाही?"

"रेगिना, ऐक माझं."

"ऐकलं की! सगळ्या गावाबरोबर ऐकलं."

त्याने हातातले कागद पायरीवर ठेवले आणि तिथेच टेकला. "पहिला भाग तिचा," तो खाली बघत म्हणाला. "तेवढा लिहिला आणि ती गेली. मग पुढचं सुचेचना. तो भाग नुसता पडून होता. तुला पहिल्यांदा पाहून घरी आलो, त्याच दिवशी मधला भाग सुचला. मग्दालेना मागे वळते आणि प्रभू तिला जिवंत दिसतो, तिथला. तो तुझा. देवाशपथ, तो तुझाच आहे."

रेगिनाने आठवून पाहिलं. साखरपुड्याला मधला भाग वाजताना ती त्याच्या हातांकडेच पाहत राहिली होती, आणि आज नेमकी तेव्हाच उर्सेल कानाशी कुजबुजत होती. तिला पाठ होती ती नुसती सुरुवात. स्वतःचा भाग तिने कधी धड ऐकलाच नव्हता.

"उद्या खालच्या आळीतल्या चर्चमध्ये पुन्हा गाणार आहोत," तो म्हणाला. "पुढच्या बाकावर बस. नीट ऐक."

तिचा राग जरा निवला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आणि माझा भाग संपल्यावर?"

एरेनफ्रीडने मान वर केली नाही.

"मग पुन्हा पहिला," तो म्हणाला. "पहिल्यापासून, जसाच्या तसा. एकट्याने गायची गाणी अशीच बांधायची रीत आहे."