लाकडी मुठीचं रिव्हॉल्व्हर

"हलकं आहे," व्हेल्डाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिस्तूल दुकानाच्या काउंटरच्या काचेवर परत ठेवलं.

मर्लने हातातली कानस बाजूला ठेवली. "हलकंच बरं, बाई. पर्समध्ये मावतं, कुणाला दिसत नाही. वेळ आली तर हात अवघडत नाही."

"पर्समध्ये नकोय मला. घरात हवंय. बिछान्याजवळ."

"घरात कशाला? ओक्लाहोमाच्या या टोकाला चोर यायचा म्हणजे त्याला आधी रस्ता विचारावा लागेल!"

व्हेल्डाबाई हसल्या नाहीत. एरवी त्यांनीच त्याच्यावर कडी केली असती. लहानपणी दर रविवारी चर्चमध्ये त्यांनीच त्याला बायबल शिकवलं होतं, आणि चुकल्यावर कान असा पिळला होता की त्यांना पाहिलं की तो कान अजूनही गरम व्हायचा.

"रात्री कुणीतरी घरात फिरतं," त्या म्हणाल्या. "खण उचकतं. माझ्या दाराशी येऊन उभं राहतं."

"आणि तुमचे यजमान, ओडेल? सगळा जन्म शेरिफच्या खात्यात गेला त्यांचा. ते काय करतात?"

"ओडेलला सांगून उपयोग नाही. स्वतःचं रिव्हॉल्व्हर उशीखाली घेऊन झोपतो. मला हात लावू देत नाही."

ओडेल हल्ली चर्चमध्ये दिसत नव्हते. गुडघे धरलेत, असं बाई सगळ्यांना सांगायच्या. बाईंचे डोळे खोल गेले होते आणि जाकिटाची बटणं वरखाली लागली होती. मर्लची नजर त्या बटणांवरून हलेना.

असाच एकदा लेलंड आला होता. इथंच उभा राहिला, हवामानाच्या गप्पा मारल्या, घराच्या राखणीला म्हणून पिस्तूल घेतलं. गोळ्या मूठभरच घेतल्या. "पुरेत एवढ्या," म्हणाला. त्याच आठवड्यात त्याला पुरला. काचेवरचा त्याच्या अंगठ्याचा ठसा पुसायचा मर्लला कितीतरी दिवस धीर झाला नाही. लेलंडची बायको अजून त्याला पाहून रस्ता ओलांडते. पुन्हा असं माणूस समोर आलं तर रिकाम्या हाताने परत पाठवायचं, अशी शपथ त्याने स्वतःलाच घातली होती.

"ते लाकडी मुठीचं दाखव," बाई म्हणाल्या.

"ते? जुनं धूड आहे हो. कुणी विचारत नाही त्याला."

त्यांनी ते हातात घेतलं. डोळे मिटून तळहातावर तोललं. मग मुठीच्या मागच्या बाजूने अंगठा फिरवला. तिथलं पॉलिश उडालं होतं.

"असंच हवं होतं," त्या पुटपुटल्या. "असंच झिजलेलं."

"गोळ्या?"

"नकोत. घरात आहेत."

मर्लने रिव्हॉल्व्हरवर हात ठेवला. त्याला लेलंडचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला. हवामान छान आहे, मर्ल.

"बाई, रागवा हवं तर, पण विचारतो. स्वतःचं काही बरंवाईट करायचा विचार आहे का? तसं असेल तर मी देणार नाही. चला, आपण दोघं पास्टरकडे जाऊ."

व्हेल्डाबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. क्षणभर वाटलं, आता कान पिळतात.

"गाढवा," त्या म्हणाल्या. "मला जगायचंय. म्हणून तर आलेय."

त्यात खोटं नव्हतं. व्हेल्डाबाईंना खोटं बोलता येत नसे. त्या गुडघ्यांबद्दल सांगतानासुद्धा खाली बघायच्या. मर्लने हात उचलला. कितीतरी दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला.

"मग न्या," तो म्हणाला. "चोराचं काही खरं नाही आता."

बाईंनी रिव्हॉल्व्हर उचललं नाही. उलट त्याच्याकडेच सरकवलं.

"आधी हे आत नेऊन असं करून दे, की चाप कितीही ओढला तरी गोळी सुटता कामा नये. आज तो अंघोळीला गेला की उशीखालचं काढून त्याजागी हे ठेवायचंय."

मर्लने रिव्हॉल्व्हर उचललं.

"काल त्याने ते माझ्यावर रोखलं रे," व्हेल्डाबाई म्हणाल्या. "आणि अगदी अदबीने विचारलं, 'बाई, तुम्ही कोण? माझी व्हेल्डा कुठंय?'"