खाऱ्या पाण्याची पूजा

भरल्या घरात सुप्रियानं सासूचं मनगट धरलं. हळू नाही, चांगलं घट्ट धरलं. गिरजाबाईंच्या मुठीतला तांब्याचा भोकाचा पैसा पाण्याच्या चार बोटं वर थांबला आणि हळदीची चिमूट तेवढी फरशीवर सांडली.

"अवं माय!" सोफ्यावर बसलेल्या गोमतीबाईंनी कपाळावर हात मारला. या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, सकाळच्या एसटीनं मानोऱ्याहून आलेल्या. "सुनेनं सासूचा हात धरला! हेच पाहाचं बाकी होतं."

कारंज्यातल्या त्या बैठकीत टीव्हीच्या जागी काचेची टाकी होती आणि टाकीत समुद्र. म्हणजे आरओचं पाणी, त्यात पाकिटातलं समुद्री मीठ कालवलेलं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते तापू नये म्हणून वर एक छोटा पंखा. आत दोन केशरी मासे, एक झिंगा, आणि आज सकाळीच सुप्रियाच्या नवऱ्यानं, स्वप्निलनं, अकोल्याहून तिच्यासाठी आणलेलं जिवंत पोवळं. पोवळं अजून पिशवीतच होतं. पिशवी पाण्यावर तरंगत होती. पाण्याची सवय झाली की सुप्रिया ते दगडावर बसवणार होती.

आणि नव्या पाण्याला हळदकुंकू वाहून तांब्याचा पैसा सोडायचा, ही या घराची रीत. विहिरीला सोडला, बोअरला सोडला, मग सुनेच्या समुद्रानंच कोणाचं घोडं मारलं होतं?

"सोड, पोरी," गिरजाबाई म्हणाल्या. "पाण्याचा मान हाये तो."

"नाही, आई."

"अवं, तुया मासोळ्याईसाठीच करून राह्यली ना मी?"

"मले माहीत हाये. तरीबी नाही. तांबं उतरते ह्या पाण्यात. पोवळं मरते, झिंगा मरते."

चंपतरावांनी पेपर बाजूला टाकला. सासरेबुवा सहसा बोलत नसत, पण बोलले की दुसऱ्याला बोलायला जागा ठेवत नसत.

"तांबं मारते म्हंते! तांब्याच्या गडव्यातलं पाणी पिऊपिऊ मी सत्तरीले आलो. मेलो का?"

"माणसाले चालते, बाबा. ह्याईले नाही चालत."

"मंग मागच्या खेपेले काहून मेलं सारं? तवा त कोनी पूजा नव्हती केली! अवं, विहिरीले खारं पाणी लागलं त मानूस कपाळावर हात मारून घेते, अन् तू चांगल्या गोड्या पाण्यात मीठ कालवत बसते. आता हे मेलं ना, त मी सोता ही टाकी उचलून नालीत ओततो. सांगून ठेवतो."

 मागच्या खेपेला का मेलं, ते सुप्रियाला पक्कं ठाऊक होतं. टाकी रिकामी करताना वाळूत असाच एक पैसा सापडला होता, हिरवा पडलेला. तेव्हापासून सगळं घर तिला करंटी म्हणत आलं आणि तिनं ऐकून घेतलं. वाळू बदलली, दगड बदलले, तोंड मात्र उघडलं नाही. तांबं चालत नाही, एवढंही ती कधी बोलली नाही. बोलली असती तर आपल्याच हातून मेलं हे सासूला कळलंच असतं. आणि तेव्हाचा झिंगा मेला त्या दिवशी तिच्याबरोबर या घरात रडलेली बाई एकच होती, ती ही सासूच.

गिरजाबाई सुनेच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"तवाबी म्या टाकला होता," त्या हळूच म्हणाल्या. "कोनाले न सांगता. नजर नाही लागली पायजे म्हनून. त्यानंच गेलं का सारं?"

नाही आई, तसं काही नाही. हे एवढं म्हणायला काय लागतं? जिभेवर आलंसुद्धा होतं. पण आज खोटं बोललं की उद्या, ती भाजी आणायला गेली की, हा पैसा पाण्यात पडणार.

"हो, आई. त्यानंच. वाळूत सापडला होता मले."

गिरजाबाईंचे डोळे भरून आले.  पण सुप्रियानं मनगट सोडलं नाही.

गोमतीबाई तरातरा उठल्या. "दोन दमडीच्या किड्यासाठी सासूले हत्यारी ठरवते? आन गिरजा, दे तो पैसा इकडं. मी टाकते. मायं मनगट धरून दाखव म्हना हिले!"

आता मात्र सुप्रियानं सासूचा हात सोडला आणि ती टाकीपुढे उभी राहिली. पाठ काचेला, पदर कमरेला खोचलेला.

"धरीन, आत्याबाई. तुमचंबी धरीन. बाबांचंबी धरीन. मागच्या खेपेले गप बसली, ते चुकलं माझं. आता ह्या पाण्यात माझ्याशिवाय कोणाचा हात जाणार नाही. अन् टाकी नालीत ओतायची असंल, त बाबा, आधी मले बाजूला करा."

चंपतराव जागचे अर्धे उठले. तेवढेच उठले. सुनेला हात कसा लावायचा? तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत ते पुन्हा खाली बसले.

"पाह्य! पाह्य, गिरजा!" गोमतीबाईंचा आवाज आळीत जाईल एवढा चढला. "तुया घरात सुनेचं राज आलं, अन् तू मुकी होऊन पाहून राह्यली!"

गिरजाबाईंनी पदरानं डोळे पुसले. मुठीतला पैसा कनवटीला खोचला, पाहुण्या नणंदेच्या दंडाला धरून तिला सोफ्यावर बसवलं, आणि म्हणाल्या,

"आलं त येऊ द्या, बाई. आपल्या राजात काय जगलं?"