छबूआत्याचा कागद

साखर कंपनी बुडाल्याची बातमी मुंबईत वाचताच जोतीरामनं गावाकडची गाडी पकडली. कॉमर्स कॉलेजात शिकणाऱ्या जोतीरामनंच दिवाळीत आपल्या विधवा आत्याला सांगितलं होतं, "त्या कंपनीचे कर्जरोखे घे." बारामती स्टेशनावर उतरून तो तसाच पणदऱ्याला चालत आला. छबूआत्या उंबऱ्यातच बसली होती.

"पोरीच्या लग्नाचं चारशे रुपयं हायत रं त्यात. गेलं का?"

"भिऊ नगंस आत्या. कंपनी बुडाली की तिची यंत्रं, जमीन विकून आधी रोखेवाल्यांचं पैसं देतात. मागनं काय उरलं तर शेअरवाल्यांना, आन् उरत काय न्हाय. आण बघू तो कागद."

तिनं ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून कागद काढला. जोतीरामनं तो उलगडून वरची अक्षरं दोनदा वाचली.

"आत्या, ह्यो शेअर हाय."

"व्हय. दलाल आधी तू सांगितल्यालाच दावत हुता. पर त्येचं नाव कर्जरोखा! तुझ्या आज्यानं, आबांनी, मरताना हात धरून सांगितलंय, छबू, कर्जाच्या कागदाला अंगठा लावू नगंस. मी म्हनलं, कर्ज नसलेला दाव. त्येनं ह्यो दिला. बरं केलं न्हवं?"

परीक्षेत कर्जरोख्यांवर जोतीरामनं सहा पानं लिहिली होती. हे कर्ज कंपनी घेते आणि आपण देतो, एवढं एक वाक्य आत्याला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.