दुसरं पाणी

"अजून वास येतोय," अनारकान म्हणाली आणि तिने सॅकमधून डोकं बाहेर काढलं.

तुर्दुकुलने मान हलवली, सॅक उचलली आणि तो पुन्हा अंगणातल्या नळाकडे गेला. ही सहावी खेप होती.

सॅक त्यांच्या मुलाची, मेदेरची. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर तो रानबोकडांच्या मागे घाटापलीकडे गेला आणि सुट्या दगडांवरून घसरला. गावकऱ्यांनी त्याला खाली आणलं, त्याच्यासोबत रिकामी सॅकही आणली. गावाची रीत अशी, की डोंगराने शिकारी घेतला तर वर्षाच्या आत घरातल्या कुणीतरी तीच सॅक घेऊन त्याच जागी जायचं आणि ती भरून आणायची. ते मांस वर्षाच्या जेवणात शिजतं. नाही आणलं तर तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण शिकाऱ्यांत त्या घराचं नाव निघायचं बंद होतं. घरात आता एकच पुरुष उरला होता. वय अडुसष्ट, आणि डावा गुडघा कामातून गेलेला.

अनारकानचं गणित सरळ होतं. बर्फ पडलं की घाट बंद. डोंगरानेच दार लावलं की माणसाला दोष नाही, हेही रीतीतच बसतं. तोवर सॅकला वास यायला हवा होता. वास मारणारी सॅक पाठीवर घेऊन रानबोकडाकडे जाणं म्हणजे ढोल बडवत चोरीला जाणं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. एक तिने डोंगराला दिला होता. दुसरा ती देणार नव्हती.

हे जमत होतं, कारण तुर्दुकुलचं नाक गेलं होतं. मेदेरला पुरलं त्या आठवड्यात तो तापाने पडला. उठला तेव्हा म्हणाला, कशाचाच वास येत नाही. अनारकानने खात्री करून घेतली होती. खवट झालेली मेंढीची चरबी घालून शेवया वाढल्या. त्याने वाडगा पुसून खाल्ला आणि आणखी मागितल्या.

खरं तर वास केव्हाच गेला होता. पहिल्या दिवशी सॅक उघडली तेव्हा जुनं रक्त होतं, चरबी होती आणि त्याखाली मेदेरच्या घामाचा वास होता. ती बराच वेळ तशीच आत तोंड घालून बसली. दुसऱ्या पाण्यानंतर आत नुसतं ओलं कापड उरलं. आता रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही. मग ती म्हणाली, "येतोय."

तुर्दुकुल मुकाट्याने धूत राहिला. दुकानातली सुवासिक पावडर त्याने आधीच बाजूला टाकली होती. बोकडांना तीही कळते. रात्रभर खायच्या सोड्याच्या पाण्यात, मग व्हिनेगरमध्ये. पट्ट्यांना राख चोळायची, सॅक उलटी करून वाऱ्यावर टांगायची, शेवटी आर्च्याच्या रानझुडपाच्या ओल्या पाल्याचा धूर द्यायचा. हे सगळं तो परक्या घरची भांडी घासल्यासारखं करायचा. बंदूक मात्र खुंटीवर तशीच होती. तिला तेल लावायचंही त्याला सुचत नव्हतं. दुःखाने माणूस असाच बधिर होतो, अनारकानला वाटलं. तिचंही काही वेगळं नव्हतं.

एके दुपारी शेजारचा ओसमोन आला. तो आणि तुर्दुकुल एकाच वर्षी जन्मलेले, त्यामुळे एकमेकांना वाटेल ते बोलायची मुभा.

"म्हाताऱ्या, सॅक धुतोयस की नवरीला न्हाऊ घालतोयस? तिकडे बोकडं म्हातारी होऊन मरायला लागली."

"वास जात नाही."

"आण इकडे. माझं नाक शाबूत आहे अजून."

अनारकानचे हात कणकेत थांबले. ओसमोनने हात पुढे केला. तुर्दुकुल उठला, सॅक घेतली आणि दारावरच्या उंच खिळ्याला अडकवली.

"तुझ्या नाकात तंबाखूशिवाय काय जातं? या घरात वास तीच बघते."

"बायकोच्या नाकाने शिकार करणारा पहिलाच भेटला."

"असू दे."

ओसमोन हसत चहा प्यायला आणि गेला. अल्लाच पावला, असं म्हणत अनारकान पुन्हा कणीक मळू लागली.

सातवी खेप झाली, आठवी झाली.

"नीट बघ. शिवणीत बघ," तुर्दुकुल म्हणाला.

"शिवणीतच तर आहे."

त्याने लगेच सोड्याची नवी पुडी फोडली.

नवव्या खेपेच्या सकाळी अंगण पांढरं झालं होतं. ओसमोनने कुंपणावरूनच ओरडून सांगितलं, "घाट बंद झाला रे. आता वसंतातच."

अनारकान आत आली. तुर्दुकुल भिंतीकडे तोंड करून पडला होता. सॅक उशाशी होती.

"घाट बंद झाला," ती म्हणाली.

"ऐकलं."

ती त्याच्याजवळ बसली. सॅक मांडीवर घेतली, तोंड उघडलं, आत डोकं घातलं. आता खोटं बोलायचं कारण उरलं नव्हतं. तिला हलकं वाटायला हवं होतं, पण तसं काहीच वाटलं नाही.

"आता नाही येत वास," ती म्हणाली. "सगळा गेला. मेदेरचासुद्धा."

तुर्दुकुल भिंतीकडेच बघत होता.

"तो दुसऱ्या पाण्यालाच गेला," तो म्हणाला. "आणि त्या दिवशीच्या शेवयांतली चरबी फार खवट होती."