मोबाईलमधली भट्टी

देवकाबाईनं मोबाईल पोलीस ठाण्यात जमादाराच्या टेबलावर असा आपटला, की चहाचा कप बशीत नाचला.

"याची भट्टी कुठं हाय, तेवढं सांगा जमादार. फोडाची हाय."

मागे दारूबंदी मंडळाच्या बाया काठ्या घेऊन उभ्या. त्यांच्या मधोमध, चोर धरून आणावा तसा, तिचा नवरा बापूजी. किसनराव जमादारानं सवयीनं आधी त्याचं तोंड हुंगलं. वास नव्हता.

"याची दारू सुटली ना?"

"दारू सुटली. आता शेती लागली."

बापूजीनं दारू सोडली, त्या आनंदात पुण्याच्या पोरीनं, वर्षालीनं, त्याला हा मोबाईल पाठवला होता. त्यात निघाला शेतीचा खेळ. खेळातल्या कपाशीला घंटी वाजली की पाणी द्यायचं, नाहीतर ती सुकते. आणि बापूजी वेळ चुकवत नव्हता. संडासात, मयतीत, लग्नाच्या पंगतीत, घंटी वाजली की पाणी. मोबाईलमधली गाय दोन्ही वेळ पिळली जायची, दारातली हंबरून हंबरून घसा बसवून घ्यायची. परवा तो रात्री शेतात जागलीला बसून मोबाईलातली पाखरं हाकत राहिला आणि रानडुकरांनी खरा हरभरा साफ केला.

जमादार हसला. "देवकाबाई, पैसे लावायचे खेळ सरकारनं बंद केले. हा साधा शेतीचा. यात कंपनीचा काय गुन्हा? यानं सोताच 'मंजूर आहे' दाबलं, तवा खेळ सुरू झाला."

"गिलासही यानं सोताच्याच हातानं उचलला होता. तवा तुम्ही याचा हात तोडला, का भट्टी फोडली?"

जमादाराचं हसू विरलं. ती भट्टी देवकाबाईच्या सख्ख्या भावाची, लहानूची होती. पहिली काठी तिनंच घातली होती. "ताई, मी तुहा भाऊ हावो," म्हणून तो रडला, तर म्हणाली, "भट्टीले नातं नसते." ठाण्यात नाव तिनंच दिलं. आणि दुसऱ्या दिवशी कोठडीत भावाचा डबाही तीच घेऊन आली.

या जिल्ह्यात दारू बंद आहे, म्हणजे मिळते. पण गाळणाऱ्याला निदान नाल्याकाठी लपावं तरी लागतं. खेळ गाळणारे काचेच्या इमारतीत बसतात, आणि जितकी माणसं जास्त झिंगतील तितका त्यांचा सत्कार मोठा.

"बरं, लिहितो," जमादार म्हणाला. "पण आरोपी कोण? पत्ता?"

"माही पोट्टी सांगते. कंप्युटरातच नोकरी हाय तिची."

देवकाबाईनं कनवटीचा आपला फोन काढला, पोरीला लावला, आवाज मोठा केला.

"वर्षाली, तुह्या बाबानं लय ताप देल्ला. तो शेतीचा खेळ कोण गाळते, नाव सांग. ठाण्यातून बोलून राह्यली मी."

पलीकडून हळूच आवाज आला, "आई, फोन स्पीकरवर आहे का?"

"हो. सारं मंडळ ऐकून राह्यलं."

"आई... तो खेळ आमच्याच कंपनीचा आहे. आणि ती घंटी... माणूस खेळ सोडून जाऊ नये म्हणून... ती मीच बसवली. त्याच्यावरच तर मला बढती मिळाली."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. त्या बढतीचे पेढे साऱ्यांनी खाल्ले होते.

बापूजीची छाती मात्र फुगली. "माह्या पोट्टीनं केला व्हय? तरीच म्हणलं!" तेवढ्यात टेबलावर घंटी वाजली. त्याचा हात आपोआप पुढे गेला. देवकाबाईनं मोबाईलवर काठी आडवी ठेवली.

जमादारानं पेनाला टोपण लावलं. "घरचीच गोष्ट निघाली, बाई. मिटवून टाका."

देवकाबाई खुर्चीत बसली. पदरानं तोंड पुसलं. बाया तिच्याकडे पाहत होत्या.

"टोपण काढा," ती म्हणाली. "लिहा. वर्षाली बापूजी झाडे, राहणार पुणे. अन् तिच्या मालकाचं नाव तिच्याही वर लिहा. एकट्या पोट्टीवर ढकलून मोकळे नोका होऊ."

"आई!" फोनमध्ये वर्षालीला रडू फुटलं.

"भेऊ नोको, बाई," देवकाबाई म्हणाली. "डबा मीच आणीन."