दोरीचा दुसरा आवाज

१९९४ साली घणसोली गावात गोवर्धन आपल्या घरामागच्या मोकळ्या जागेत रोज सकाळी बांबूच्या धनुष्यावर सराव करायचा. त्याची बायको रुतिका गरोदर होती. एक दिवस ती म्हणाली, "तुमी एक बान सोडता, पन वाजतं दोनदा. पोटातलं दचकतं."

"बाजूच्या नव्या बिल्डिंगवरून आवाज परत येत असंल," तो म्हणाला.

तरी तिच्यासाठी त्याने दोरीला आणखी पीळ देऊन ती आखूड केली, म्हणजे ती बांबूवर आपटणार नाही. आवाज दबावा म्हणून दोरीच्या दोन्ही टोकांजवळ लोकरीचे गोंडे बांधले आणि जड बाण घेतले.

दुसऱ्या सकाळी त्याचा मित्र झहूर बघायला आला. गोवर्धनने बाण सोडला. धनुष्य गप्प राहिलं आणि बाण पेंढ्याच्या भाऱ्यात रुतला.

मग त्यांच्या पाठीमागे एक दोरी टणकन वाजली.

पाठीमागे ओसाड मिठागर होतं. तिथे लपायला एक झुडूपही नव्हतं.

"परत मार," झहूर म्हणाला.

या वेळी आवाज बराच जवळून आला.

"बस झालं. खाली ठेव ते." झहूर मिठागराकडे बघत मागे सरला.

गोवर्धनने दोरी उतरवली आणि धनुष्य जमिनीवर ठेवलं. तेवढ्यात मागचं दार उघडून रुतिका पोटावर हात ठेवून अंगणात आली.

"आज कसं शांत हाय," ती हसून म्हणाली.

मिठागराच्या बाजूने बांबू वाकताना होते तशी करकर सुरू झाली. ती हळूहळू वाढत गेली आणि धनुष्य पूर्ण ताणल्यावर थांबते तशी थांबली.